डोंगरावरचं गोल्फ : पुढचा फटका कुठून मारायचा?

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, दिग्गज गोल्फपटू जॅक निकलस यांनी आखलेल्या कॅसल पाइन्सच्या मैदानावर बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप ही व्यावसायिकांची स्पर्धा झाली. कार्डावर मैदानाची लांबी छापली होती ८,१३० यार्ड. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या इतिहासात एवढं लांब मैदान आधी कधी खेळलं गेलं नव्हतं. तरीही कीगन ब्रॅडलीने चार दिवसांत पारपेक्षा बारा फटके कमी घेऊन ती स्पर्धा जिंकली. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, पहिलाच होल टीपासून खोल उतरत जातो, आणि दुतर्फा उंच पाइन वृक्ष उभे आहेत. कार्डावरचा आकडा खरा असला, तरी खेळाडूला प्रत्यक्षात सोडवायचं गणित वेगळंच होतं.

डोंगराळ, झाडांनी वेढलेल्या मैदानाचं हेच वैशिष्ट्य आहे. सपाट मैदानावर आपण विचारतो, ‘ग्रीन किती लांब आहे?’ डोंगरावर आधी विचारावं लागतं, ‘पुढचा फटका मला कुठून मारायला आवडेल?’ या एका प्रश्नाभोवती डोंगरी गोल्फची सगळी नीती उभी आहे.

गोल्फ न खेळणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. प्रत्येक होलची सुरुवात टी नावाच्या सपाट जागेवरून होते. तिथून कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, म्हणजे फेअरवेवरून, चेंडू ग्रीनपर्यंत न्यायचा आणि तिथल्या छिद्रात घालायचा. चांगल्या खेळाडूला त्यासाठी जितके फटके लागावेत, तो त्या होलचा पार. पारपेक्षा एक फटका कमी म्हणजे बर्डी, दोन कमी म्हणजे ईगल, एक जास्त म्हणजे बोगी. चेंडू मारायच्या काठीला क्लब म्हणतात : लांब पल्ल्याचा ड्रायव्हर, मधल्या पल्ल्याचे आयर्न आणि जवळच्या उंच फटक्यांसाठी वेज. चेंडू जिथे थांबेल तिथूनच पुढचा फटका मारायचा, हा खेळाचा मूळ नियम. डोंगरावर या साध्या नियमाला धार येते, कारण चेंडू थांबण्याच्या जागा तिथे सारख्या नसतात.

विरळ हवेचा हिशेब

आपल्याकडे डोंगरावर गोल्फ आलं ते इंग्रजांच्या थंड हवेच्या ठाण्यांबरोबर. शिमल्याजवळचं नालदेरा हे त्यातलं प्रसिद्ध नाव. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना ही जागा इतकी भावली, की १९०४ साली जन्मलेल्या मुलीच्या नावात त्यांनी ‘नालदेरा’ घातलं. दोन हजार मीटरांहून अधिक उंची, देवदारांची दाटी, आणि लांबीने लहान असूनही पावलोपावली परीक्षा घेणारे होल. शिलाँगचं मैदान सुमारे १,५०० मीटरांवर पाइनच्या जंगलात आहे, तर काश्मीरमधलं गुलमर्ग २,६५० मीटरांवर.

मुंबईचा खेळाडू चेंबूरच्या मैदानावर सातत्याने खेळतो आणि मे महिन्याच्या सुटीत नालदेऱ्याला जातो, तेव्हा त्याची अंतरं पहिल्या होलपासून चुकू लागतात. कारण हवेत आहे. समुद्रसपाटीच्या तुलनेत १,५०० मीटरांवर हवेची घनता सुमारे १४ टक्क्यांनी आणि २,००० मीटरांवर सुमारे १८ टक्क्यांनी कमी असते. उडत्या चेंडूवर हवेची दोन बळं काम करतात. एक रोध, जो वेग खातो. दुसरं उचल. क्लबच्या तिरक्या पृष्ठामुळे चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि ती त्याला वर धरून ठेवते. हवा विरळ झाली की दोन्ही बळं घटतात. रोध घटल्याने चेंडू लांब जातो. उचल घटल्याने तो थोडा खालून आणि अधिक सपाट रेषेत जातो.

व्यवहारात एक सोपा आडाखा वापरतात : दर तीनशे मीटर उंचीमागे अंतर एक टक्क्याहून किंचित जास्त वाढतं. या हिशेबाने पुण्याच्या उंचीवर सुमारे दोन टक्के, शिलाँगला साडेपाच-सहा, नालदेऱ्याला साडेसात-आठ आणि गुलमर्गला दहा टक्के फरक पडतो. मुंबईत सात नंबरच्या आयर्नने १५० यार्ड मारणाऱ्याचा चेंडू नालदेऱ्याला १६० यार्डांपलीकडे जाईल. कॅसल पाइन्सचे ८,१३० यार्ड याच हिशेबाने समुद्रसपाटीच्या सुमारे ७,६०० यार्डांइतके भरतात. ज्यांचा फटका मुळातच सपाट आणि कमी वेगाचा असतो, त्यांना हा फायदा कमी मिळतो, कारण त्यांचा चेंडू हवेत राहतो तो बराचसा उचलीच्या आधाराने. म्हणून डोंगरावर गेल्यावर सरावाच्या जागी दोन-तीन क्लबांनी स्वतःची अंतरं मोजून घ्यावीत. आडाखा सुरुवातीला कामाला येतो. खेळायचं मात्र स्वतःच्या मोजमापावर.

अंतराइतक्याच महत्त्वाच्या आणखी दोन परिणामांची दखल घ्यायला हवी. विरळ हवेत चेंडू आडवाही कमी वळतो. उजवीकडे भरकटणारा स्लाइस थोडा सौम्य होतो, ही सवलत. पण झाडाला वळसा घालण्यासाठी मुद्दाम वळवलेला चेंडूही अपेक्षेइतका वळत नाही. दुसरं, सपाट रेषेत उतरल्यामुळे चेंडू ग्रीनवर पडल्यावर जास्त पुढे घरंगळतो. ग्रीनच्या मागे दरी असेल, तर ही गोष्ट विसरून चालत नाही.

यात थंडीची भर पडते. गार हवा अधिक दाट असते आणि गार चेंडू कमी उसळतो. सकाळी सात वाजता आणि दुपारी बारा वाजता तोच क्लब तेच अंतर देत नाही. उंचीने दिलेलं काही अंतर पहाटेची थंडी परत घेते.

चढ-उताराचं भूमितीशास्त्र

डोंगरावरचा दुसरा हिशेब टी आणि ग्रीन यांच्या उंचीतल्या फरकाचा. ऑगस्टा नॅशनल हे मास्टर्स स्पर्धेचं मैदान काही पर्वतावर नाही, पण तिथल्या दहाव्या होलवर टीपासून ग्रीनपर्यंत सुमारे शंभर फुटांचा उतार आहे, आणि अठरावा होल तितकाच दमवणारा चढ चढतो. दूरदर्शनच्या पडद्यावर हे जाणवत नाही. मैदानावर पाऊल टाकलं की कळतं.

उताराचा परिणाम समजायला एक त्रिकोण पुरतो. समजा, चेंडू ४५ अंशांच्या कोनात खाली येतोय. ग्रीन दहा यार्ड खाली असेल, तर चेंडूला जमीन भेटण्याआधी आणखी दहा यार्ड खाली जायचंय, आणि तेवढ्या काळात तो आणखी दहा यार्ड पुढे जातो. म्हणजे १५० यार्डांचा फटका १४० चा समजून मारायचा. चढावर याच्या उलट. ‘जेवढी उंची, तेवढं अंतर’ हा खेळाडूंचा जुना नियम या त्रिकोणातून येतो.

पण सगळे चेंडू ४५ अंशांत उतरत नाहीत. ड्रायव्हरचा फटका सपाट येतो, म्हणून त्याच दहा यार्डांच्या उताराने बारा-तेरा यार्डांचा फरक पडतो. उंच उडणारा वेजचा फटका उभा उतरतो, तिथे फरक जेमतेम आठ यार्डांचा. क्लब जितका लांब पल्ल्याचा, तितका उताराचा प्रभाव मोठा.

याच त्रिकोणात आणखी एक शिकवण आहे. ग्रीन वर असेल, तर चेंडू पूर्ण खाली वळण्याआधीच जमिनीला भेटतो, त्यामुळे तो सपाट येतो आणि घरंगळतो. ग्रीन खाली असेल तर उभा उतरतो आणि लवकर थांबतो. म्हणून चढावरच्या ग्रीनसाठी एक क्लब जास्त घ्यावा आणि झेंड्याकडे न बघता ग्रीनच्या मध्याकडे मारावं. तिथे कमी पडलेला चेंडू अनेकदा उतारावरून परत आपल्या पायांपाशी येतो. उतारावरच्या ग्रीनपाशी चित्र उलटं असतं. तिथे ओलांडून गेलेला चेंडू झाडीत किंवा दरीत नाहीसा होतो. फटका मारण्याआधी ‘कमी पडला तर काय, जास्त गेला तर काय’ हे दोन प्रश्न विचारले, की क्लबची निवड बरीचशी आपोआप होते.

आजकाल लेझरचं अंतरमापक यंत्र बऱ्याच जणांच्या बॅगेत असतं आणि त्यातली काही यंत्रं चढ-उतार धरून सुधारलेलं अंतर दाखवतात. २०१९ पासूनच्या गोल्फच्या नियमांनुसार अंतर मोजायला सर्वसाधारण परवानगी आहे, पण उंचीतला फरक मोजायला नाही. स्पर्धेत ती सोय बंद ठेवावी लागते. म्हणजे डोंगरावर हा त्रिकोण डोक्यातच सोडवावा लागतो. सरावाच्या फेरीत आधी स्वतः अंदाज करायचा आणि मग यंत्राशी ताडून बघायचं, ही सवय फार उपयोगी पडते.

वाऱ्याचंही तसंच. उंच टीवरून मारलेला चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून वाऱ्याला त्याला ढकलायला जास्त अवधी मिळतो. टीपाशी झाडांच्या आडोशाने सगळं शांत वाटतं, पण शेंड्यांच्या वर वारा वाहत असतो. म्हणून हातातलं गवत उडवून बघण्यापेक्षा झाडांचे शेंडे पाहावेत. डोंगरात दिवसा उन्हाने तापलेल्या उतारांवरून वारा दरीतून वर चढतो, आणि संध्याकाळी गार हवा वरून खाली उतरते. सकाळी पाठीशी असलेला वारा दुपारी छातीवर येऊ शकतो.

टीवर उभं राहून उलटा विचार

आता मुख्य मुद्दा. डोंगरावरचा होल ग्रीनकडून टीकडे असा उलटा वाचावा. ग्रीनवर कोणत्या बाजूने जाणं सोपं आहे? तिथे जाण्यासाठी आधीचा फटका कुठून मारायला हवा? त्या जागी जमीन सपाट आहे का? आणि त्या जागेपर्यंत टीवरून कोणता क्लब नेईल?

एक काल्पनिक होल घेऊ. लांबी ३७० यार्ड, पार ४. फेअरवे २०० यार्डांपर्यंत सपाट आहे आणि पुढे पन्नास यार्ड तीव्र उतार आहे. त्यानंतर जमीन पुन्हा चढते आणि वर ग्रीन आहे. ड्रायव्हर मारला तर १२० यार्ड उरतील, पण पाय उतारावर असतील आणि ग्रीन डोक्यावर. उतारावर उभं राहून मारलेला चेंडू खालून निघतो, आणि इथे तर तो उंच हवाय. सामान्य खेळाडूसाठी यासारखा अवघड फटका क्वचितच असेल. उलट टीवरून २०० यार्डांचाच फटका मारला, तर १७० यार्ड उरतात, पण पाय सपाट जमिनीवर असतात. अंतर पन्नास यार्डांनी वाढूनही काम सोपं होतं.

याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी आखडून खेळावं असा नाही. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या लाखो फटक्यांचा अभ्यास करून २०१४ साली पुस्तक लिहिलं. ग्रीनच्या जितकं जवळ तितके फटके कमी, आणि लांब फटका हा गुणांचा मोठा स्रोत, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिलं. त्यामुळे अंतर सोडायचं तर त्याबदल्यात ठोस काहीतरी मिळायला हवं. डोंगरावर अशी दोन कारणं वारंवार मिळतात. एक, पुढे सपाट जागा नाही. दोन, पुढे झाडं जवळ येतात. ही दोन्ही नसतील तर ड्रायव्हर निःशंक काढावा.

झाडांच्या गल्लीचं गणितही पाहण्यासारखं आहे. क्लबची दिशा एक अंशाने चुकली, तर २०० यार्डांवर चेंडू साडेतीन यार्ड बाजूला पडतो. फेअरवे ३० यार्ड रुंद असेल, तर मध्यापासून दोन्हीकडे पंधरा यार्डांची मुभा. २०० यार्डांच्या फटक्याला सव्वाचार अंशांची चूक माफ होते. २५० यार्डांच्या फटक्याला जेमतेम साडेतीन अंशांची. पल्ला वाढला की गल्ली तीच राहूनही आपल्यासाठी अरुंद होते.

त्यात फेअरवे आडवा कललेला असेल, तर खरी रुंदी आणखी घटते. कौलांवरून ओघळणाऱ्या पाण्यासारखा चेंडू खालच्या कडेकडे जातो, आणि डोंगरउतारावर तिथेच झाडी दाट असते. म्हणून नेम वरच्या कडेवर धरावा आणि बाकीचं काम उताराला करू द्यावं. ज्याला चेंडू वळवता येतो, त्याने तो उताराच्या विरुद्ध वळवावा. फेअरवे डावीकडून उजवीकडे उतरत असेल, तर उजवीकडून डावीकडे वळणारा फटका जमिनीला धरून राहतो. उताराच्याच दिशेने वळणारा चेंडू पडल्यावर पळत सुटतो.

टीच्या चौकटीतही निवड असते. उजवीकडे झाडी असेल तर टीच्या उजव्या टोकाला चेंडू लावून झाडीपासून दूर मारावं. डावीकडे धोका असेल तर डाव्या टोकाला. या एका बदलाने कोन मोकळा होतो आणि त्यासाठी कसलंही जादा कौशल्य लागत नाही.

पायाखालची जमीन

कितीही काळजी घेतली, तरी डोंगरावर सपाट जागा दरवेळी मिळत नाही. अशा वेळी चार परिस्थिती ओळखायला शिकावं. इथलं वर्णन उजव्या हाताच्या खेळाडूचं आहे. डावखुऱ्याने दिशा उलटी धरावी.

चेंडू पायांपेक्षा वर असेल, तर क्लबचं पृष्ठ डावीकडे झुकतं आणि चेंडू डावीकडे जातो. क्लब थोडा आखूड धरून उजवीकडे नेम घ्यावा. चेंडू पायांपेक्षा खाली असेल, तर तो उजवीकडे जातो. इथे गुडघे जास्त वाकवून शेवटपर्यंत त्याच उंचीवर राहावं लागतं. हा आडवा परिणाम जास्त तिरक्या पृष्ठाच्या क्लबांमध्ये, म्हणजे वेज आणि लहान आयर्नमध्ये, अधिक दिसतो. जवळचा फटका आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

चढावर उभे असू, तर चढ क्लबच्या तिरकेपणात भर घालतो. चेंडू उंच जातो, कमी अंतर जातो आणि डावीकडे झुकतो. मोठा क्लब घ्यावा. उतारावर उलटं घडतं : चेंडू खालून निघतो, जास्त पळतो, उजवीकडे झुकतो, लहान क्लब घ्यावा. दोन्ही ठिकाणी खांदे जमिनीच्या उताराला समांतर ठेवायचे, चेंडू वरच्या पायाकडे थोडा सरकवायचा आणि क्लब जमिनीला समांतर फिरवायचा. उतारावर चेंडू उचलायला जाणं ही सर्रास होणारी चूक. क्लबने उताराचा पाठलाग केला, तरच चेंडू स्वच्छ लागतो.

या चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी : पूर्ण ताकद लावायची नाही. तोल हीच पहिली गरज. एक क्लब मोठा घेऊन पाऊण फटका मारणं, हे डोंगरावरचं सर्वांत उपयोगी कसब आहे. सरावाच्या सपाट चटईवर ते येत नाही, त्यासाठी उतारच शोधावा लागतो. पुण्याजवळ बावधन-लवळे भागातल्या टेकड्यांवर ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचं मैदान आहे. महाराष्ट्रातल्या खेळाडूंना असा सराव करायला हिमालय गाठण्याची वाट पाहावी लागत नाही.

झाडीतून बाहेर

झाडांमधून सुटण्याच्या कथांमध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रांस-सूर-सिएर इथली कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. आल्प्समधलं हे मैदान सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. १९९३ च्या युरोपियन मास्टर्समध्ये शेवटच्या होलवर स्पेनच्या सेव्हे बायेस्टेरोस यांचा पहिला फटका उजवीकडे भरकटून एका उंच भिंतीजवळ झाडांखाली गेला. भिंतीपलीकडे पोहण्याचा तलाव, वर फांद्या. त्यांची बॅग वाहणारे आणि सल्ला देणारे कॅडी बिली फॉस्टर त्यांना आडवा फटका मारून फेअरवेवर यायची विनवणी करत होते. सेव्हेंनी ऐकलं नाही. वेजने भिंतीवरून, फांद्यांमधल्या फटीतून चेंडू काढला, तो ग्रीनच्या जवळ पोचला, आणि पुढच्याच फटक्यात त्यांनी तो छिद्रात घातला. बर्डी! आज त्या जागी स्मरणफलक आहे आणि मैदानाला सेव्हेंचं नाव.

या फटक्याचं कौतुक करताना त्यामागचा हिशेबही पाहायला हवा. तो स्पर्धेचा शेवटचा होल होता. आघाडी गाठायला बर्डीच हवी होती, सुरक्षित खेळून काही हाती लागणार नव्हतं. आणि चेंडूवर अशी हुकमत जगात मोजक्यांकडे होती. एवढं सगळं जुळून येऊनही स्पर्धा बॅरी लेन यांनी एका फटक्याने जिंकली. सामान्य खेळाडूपुढे तिसऱ्या किंवा अकराव्या होलवर असं एकही कारण नसतं. तिथे फॉस्टर यांचा सल्ला योग्य ठरतो.

ब्रॉडी यांच्या आकडेवारीत याचा पुरावा आहे. शंभर यार्डांवर फेअरवेमध्ये चेंडू असेल, तर टूरवरचा खेळाडू सरासरी २.८० फटक्यांत होल पूर्ण करतो. तेवढ्याच अंतरावर झाडांमागे अडकला असेल तर ३.८०. जगातल्या उत्तम खेळाडूंनाही झाडी एका पूर्ण फटक्याची किंमत मोजायला लावते. फटीतून मारून आपण एक फटका वाचवू पाहतो. चेंडू खोडाला लागून आणखी आत गेला तर दीड-दोन फटके जातात. दीड धरला तरी हिशेब जुळायला दहापैकी सहा वेळा यश हवं, नफ्यात राहायला त्याहून जास्त. म्हणून माझं सांगणं असं, की दहापैकी सात वेळा जमेल अशी खात्री असेल तरच फटीकडे पाहावं.

सुटकेचा मार्ग झाडाच्या जातीवरही ठरतो. चीड किंवा पोंडेरोसासारख्या पाइनचं खोड खालून बरंच उघडं असतं आणि फांद्या वर सुरू होतात. तिथे पाच-सहा नंबरच्या आयर्नने, चेंडू मागच्या पायाकडे ठेवून, हात पुढे राखून मारलेला बुटका फटका खालून निघतो. देवदाराच्या आडव्या फांद्या अनेकदा खालपर्यंत पसरलेल्या असतात; तिथे आडवं बाहेर पडणं हाच मार्ग. वळसा घालायचा मोह आवरावा. २०१२ च्या मास्टर्सच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवण्याच्या जादा होलांमध्ये, बबा वॉटसनने ऑगस्टाच्या दहाव्या होलवर झाडांतून वेजने सुमारे चाळीस यार्ड वळवलेला फटका अद्भुत होता, पण ऑगस्टाची हवा सखल भागातली, दाट आहे. डोंगरातली विरळ हवा तेवढी साथ देत नाही.

नियमांची माहिती इथे फटके वाचवते. वाळलेल्या सुया आणि शंकू बाजूला करता येतात, पण ते करताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड बसतो. मार्ग मोकळा करायला जिवंत फांदी मोडता येत नाही. चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, म्हणून झाडीत गेल्याची शंका येताच टीवरूनच जाहीर करून तात्पुरता दुसरा चेंडू मारावा. नाहीतर पुन्हा अख्खा चढ चढून मागे जावं लागतं. चेंडू खेळता न येण्यासारखा असेल, तर एका दंडाच्या बदल्यात तीन पर्याय आहेत : आधीच्या जागी परत जाणं, छिद्र आणि चेंडू यांच्या रेषेत मागे जाणं, किंवा छिद्राच्या जवळ न जाता दोन क्लबांच्या लांबीत चेंडू टाकणं. उतारावर दोन क्लबांनंतरही तेच झाड आडवं असू शकतं. चेंडू उचलण्याआधी नवी जागा नीट पाहून घ्यावी.

ग्रीनवरचा दृष्टिभ्रम

डोंगरावरच्या ग्रीनवर डोळे फसवतात. आजूबाजूचा सगळा परिसर एका बाजूला कललेला असतो, आणि डोळा त्या कलालाच सपाट मानू लागतो. मग डोंगराकडून दरीकडे उतरणारं ग्रीन सपाट वाटतं, आणि खरोखर सपाट असलेलं ग्रीन डोंगराकडे कललेलं भासतं. म्हणूनच ‘चेंडू डोंगरापासून दूर वळतो’ हे प्रत्येक डोंगरी मैदानावरचे कॅडी पहिल्यांदा सांगतात.

याला उपाय म्हणजे ग्रीन दुरूनच वाचायला सुरुवात करणं. पन्नास यार्डांवरून चालत येताना एकूण कल दिसतो. ग्रीनवर पोचल्यावर फक्त बारीक चढउतार दिसतात. पावसाचं पाणी कुठून बाहेर पडेल हे शोधलं, की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. आणि शक्य असेल तिथे आधीचा फटका असा मारावा, की चेंडू छिद्राच्या खालच्या बाजूला राहील. चढता पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याचा फटका, ठामपणे मारता येतो, त्यामुळे तो कमी वळतो. उतरता पट हळू मारावा लागतो, म्हणून तो जास्त वळतो आणि चुकला तर लांब निघून जातो. टीवर सुरू झालेली जागेची निवड अशी छिद्रापर्यंत चालू राहते.

दम, आकाश आणि गुण

डोंगरावर शरीरही हिशेबात धरावं लागतं. चढ चढून आल्यावर लगेच फटका मारू नये. श्वास शांत होऊ द्यावा. पाणी तहान लागण्याआधी प्यावं. डोंगरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येण्याचा संभव जास्त, म्हणून सकाळची वेळ धरावी. वीज चमकू लागली तर खेळ तात्काळ थांबवून पक्क्या इमारतीत जावं. झाडाखाली आसरा घेणं अत्यंत धोक्याचं आहे, आणि झाडांच्या मैदानावर नेमका तोच मोह होतो.

गुण कसे मोजले जाणार आहेत, तेही आधी पाहावं. कॅसल पाइन्सवरच १९८६ ते २००६ या काळात ‘द इंटरनॅशनल’ ही स्पर्धा होत असे. तिच्यात फटक्यांऐवजी गुण असत : बर्डीला अधिक दोन, ईगलला अधिक पाच, बोगीला उणे एक, आणि त्याहून वाईट खेळाला फक्त उणे तीन. नुकसानीला मर्यादा होती, म्हणून धाडस फायद्याचं ठरत असे. आपल्याकडे खेळल्या जाणाऱ्या स्टेबलफर्ड या गुणपद्धतीतही वाईट होलची किंमत शून्यावर थांबते, त्यामुळे थोडा धोका पत्करता येतो. प्रत्येक फटका मोजला जाणाऱ्या स्पर्धेत मात्र झाडीतला एक आठ किंवा नऊ सगळी फेरी खाऊन टाकतो.

म्हणून फेरी सुरू होण्याआधी कार्ड घेऊन बसावं. शक्य असेल तर स्थानिक कॅडीला शेजारी बसवावं, कारण कोणत्या होलवर जमीन कुठे सपाट होते हे त्याला पाठ असतं. जिथे बोगी आनंदाने स्वीकारायची असे तीन-चार होल आधीच ठरवावेत. जिथे उतार, हवा आणि मोकळी जागा आपल्या बाजूने आहेत, तिथे जोर लावायचा असेही तीन-चार निवडावेत. उरलेल्या प्रत्येक होलवर सपाट जागा शोधत जावं. डोंगर ताकदीची कदर करतो, पण ती योग्य जागेवरून लावली तरच. आणि ती जागा फटक्याआधी निवडणं प्रत्येक खेळाडूच्या हातात आहे, मग त्याचा फटका २७० यार्ड जावो की १५०.